क्लच घसरतो तेव्हा
(ट्रायल्स मोटारसायकलीच्या एका दुखण्याची परीक्षा)

मोटारसायकलीचा खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम वेग उभा राहतो. परंतु ह्याच वाहनावर खेळला जाणारा एक खेळ असा आहे की त्यात वेगाला मुळीच मान नाही. त्यास ‘ट्रायल’ म्हणतात. डोंगरातील ओढा, निसरडे खडक, चिखलाची चढण, झाडांच्या मुळांनी अडलेली पाऊलवाट असे लहान लहान टप्पे आखलेले असतात, आणि पंच प्रत्येक टप्प्यावर उभा राहून एवढेच पाहतो की स्वाराचा पाय जमिनीस लागतो की नाही. पाय एकदा टेकला तर एक गुण दंड, दोनदा टेकला तर दोन, तीन अथवा अधिक वेळा टेकला तर तीन. आणि टप्पा पुरा करणेच साधले नाही तर पाच. ज्याच्या नावावर दंड सर्वांत कमी, तो विजयी. स्वार बहुतेक वेळ आसनावर बसतच नाही. पायटांवर उभा राहून, माणसाच्या चालीच्या वेगाने, तो गाडीस अक्षरशः तोलीत नेतो. दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे.

हा खेळ मूळचा ब्रिटनमधला. स्कॉटलंडमधील सहा दिवसांची ट्रायल ह्या खेळात फार मानाची समजली जाते, आणि आपल्या वाचकांस ऐकून नवल वाटेल, ती जिंकणाऱ्या गाड्यांत आपल्या ओळखीचे एक नाव आहे. रॉयल एन्फील्डची बुलेट! १९४८ च्या प्रारंभी नव्या बनावटीच्या बुलेट गाड्या इंग्लंडातील कोलमोर ट्रायलमध्ये उतरविण्यात आल्या, तेव्हा मागील चाकास स्प्रिंगा असलेली गाडी अशा खेळात टिकाव धरील काय, अशी शंका पुष्कळांनी घेतली होती. त्या काळी मागचे चाक सांगाड्यास घट्ट बसविलेलेच बरे, अशी जाणत्यांची समजूत होती. पुढे जॉनी ब्रिटन ह्या तरुण स्वाराने ३५० सी.सी. च्या बुलेटवर १९५२ मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये स्कॉटलंडची ती सहा दिवसांची ट्रायल जिंकली आणि ती शंका कायमची मिटली. १९५५ मध्ये मद्रास येथे एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली व तीच गाडी आपल्याकडे तयार होऊ लागली. आपल्या घाटांतून शेतमाल, दुधाच्या बरण्या आणि सबंध कुटुंबे वाहून नेणारी ती बुलेट आणि स्कॉटलंडच्या ओढ्यांतून दगड चढणारी ती बुलेट ह्या सख्ख्या बहिणीच होत. २०१९ मध्ये ‘बुलेट ट्रायल्स’ ह्या नावाची गाडीही काही काळ भारतात विक्रीस आली होती, ती ह्याच जुन्या पराक्रमाच्या स्मरणार्थ.

आता मूळ विषयाकडे वळतो.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी बेळगावच्या बाहेरील खडकाळ टेकाडांवर हा खेळ शिकत असतो. त्याने जुन्या लोखंडी इंजिनाची ३५० ची बुलेट घेऊन तिला ट्रायलचा वेष चढविला. जड मडगार्डे काढून हलकी लावली, गिअरपेटीचे पुढचे दातेरी चक्र लहान बसविले, मोठ्या खाचांचे टायर घातले, आणि उभे राहून चालविणे सोयीचे व्हावे म्हणून उंच हँडल लावले. दोन महिने गाडी उत्तम चालली. मग एके दिवशी एका दगडी पायरीपाशी त्याने मूठ पिळली असता इंजिनाने मोठा आवाज केला, परंतु गाडी वर जाण्याऐवजी जागच्या जागी थांबली आणि मग उलटी खाली येऊ लागली. मागे पाच-सहा हात खोल घळ होती. गाडी आडवी टाकून मुलगा बाजूस उडी मारता झाला म्हणून केवळ ढोपरावर निभावले.

गाडी एका गॅरेजात गेली. तेथे सांगण्यात आले की इंजिनाची ताकद गेली आहे, पिस्टन बदलावा लागेल. पिस्टन बदलला, रिंगा बदलल्या, सिलिंडर बोअर करून घेतले, मुलाची तीन महिन्यांची बचत संपली. आणि गाडी त्याच पायरीवरून पुन्हा तशीच उलटी आली. ह्या खेपेस मात्र तो गाडी घेऊन एका वृद्ध मिस्त्रींकडे गेला. आम्ही कुतूहलाने बरोबर होतो. मिस्त्रींनी पान्यास हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला,

“बाळ, गाडी चढावर दमते, तेव्हा तिचा आवाज वर जातो की खाली येतो?”

“वर जातो, काका. चांगला वर जातो.”

“मग इंजिनाला कशाला रे कापलंस?”

ह्या एका प्रश्नात सारी परीक्षा साठविलेली आहे. इंजिनाची ताकद कमी झाली असेल तर चढावर ते गुदमरते, त्याचे फेरे कमी होतात, आवाज खाली बसतो. आवाज वर चढत असेल तर इंजिन आपले काम बजावीत आहे. ते जे निर्माण करते ते चाकापर्यंत पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाटेत कोठे तरी गळती आहे. अशी गळती होण्याच्या जागा थोड्याच. मागचे चाक चिखलात जागच्या जागी फिरत असेल तर ते डोळ्यांनी दिसते, माती मागे उडते. गिअर निसटत असेल तर खाडकन आवाज होऊन ओढ एकदम सर्वस्वी नाहीशी होते, आणि बहुधा पायाच्या दांडीलाही ते जाणवते. चेन झिजलेल्या दात्यांवरून उडी मारीत असेल तर हिसके बसतात आणि कटकट ऐकू येते. ह्यांपैकी काहीच नसून आवाज मात्र मऊपणे वर चढत जातो आणि गाडी मागे राहते, असे झाले तर क्लच घसरत आहे असे खुशाल समजावे.

क्लच म्हणजे काय हे थोडक्यात सांगणे येथे अवश्य आहे. इंजिन सदैव फिरत असते. चाक मात्र कधी फिरावयाचे असते, कधी थांबावयाचे असते. ह्या दोघांची गाठ बांधणारा आणि सोडणारा दुवा म्हणजे क्लच. बुलेटमध्ये तो डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये तेलात बुडालेला असतो. त्यात आळीपाळीने रचलेल्या दोन जातींच्या गोल प्लेटा असतात. एक जात बाहेरच्या डब्याबरोबर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरते. तिच्यावर घर्षणाचा थर चिकटविलेला असतो. दुसरी जात नुसत्या पोलादाची. ती आतल्या गाभ्याबरोबर, म्हणजे गिअरपेटीबरोबर फिरते. ह्या सगळ्या थप्पीवर स्प्रिंगांचा दाब असतो, आणि त्या दाबामुळे दोन्ही जाती एकमेकींस घट्ट धरून एकजीव होऊन फिरतात. हातातील लिव्हर ओढली की गिअरपेटीच्या पोकळ दांड्यातून जाणारी एक सळई दाबाची प्लेट बाहेर लोटते, थप्पी सैल पडते, आणि गाठ सुटते.

इतक्या प्लेटा कशासाठी? ह्याचे उत्तर घरच्या घरी मिळविता येते. कागदाची एक पट्टी टेबलावर ठेवून तीवर जाड पुस्तक ठेवा आणि ओढून पाहा, सहज निघेल. आता सहा पट्ट्या घ्या. तीन पट्ट्यांची टोके डावीकडे टाचणीने एकत्र करा, तीन उजवीकडे. आणि त्या एकमेकींत आळीपाळीने गुंफून त्यांवर तेच पुस्तक ठेवा. डावा गठ्ठा धरून उजवा ओढा. पुस्तक तेच, वजन तेच. पण ओढ कितीतरी जड लागेल. कारण पुस्तकाचा भार प्रत्येक जोडीच्या पृष्ठांवर पडतो आणि प्रत्येक जोडी आपापले घर्षण देते. क्लच ह्याच युक्तीने तळहाताएवढ्या जागेत सबंध गाडीचा ओढा पेलतो. बुलेटच्या इंजिनावरील चक्रास २५ दाते आणि क्लचच्या चक्रास ५६. म्हणजे इंजिनाचा पीळ क्लचपाशी येतो तेव्हा तो सव्वादोन पटींहून किंचित कमी इतका वाढलेला असतो. तेवढा त्याला घट्ट धरावा लागतो, आणि तोही तेलात बुडून!

ह्या धरण्याची शक्ती चार गोष्टींवर अवलंबून असते. स्प्रिंगांचा दाब, पृष्ठांचे घर्षण, पृष्ठांची संख्या आणि प्लेटांची त्रिज्या. पैकी शेवटच्या दोन बनविणाऱ्याने ठरवून दिल्या. त्या बदलत नाहीत. म्हणून क्लच घसरू लागला की प्रश्न दोनच उरतात: दाब कमी झाला आहे काय? की घर्षण कमी झाले आहे? परीक्षेची सारी वाट ह्या दोन प्रश्नांतूनच जाते. आणि ती वाट बाहेरून आत, स्वस्ताकडून महागाकडे चालत जावी, असा मिस्त्रींचा दंडक होता.

येथे ट्रायलच्या स्वारांसंबंधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. रस्त्यावरील स्वार क्लच फक्त गिअर बदलताना वापरतो. ट्रायलचा स्वार तो जाणूनबुजून घसरवितो. एका बोटाने लिव्हर अर्धी धरून गाडी इंच इंच पुढे सोडतो, खडकापाशी थबकतो, पुन्हा सोडतो. हे घसरणे म्हणजे दोष नव्हे. तो त्या खेळाचा प्राण आहे. दोष तो, की लिव्हर पूर्ण सोडल्यावरही क्लच घसरत राहतो. परंतु पहिल्या घसरण्याने दुसऱ्याची तयारी होत असते, कारण घसरण्यातून उष्णता निघते. समजा, इंजिन १० अश्वशक्ती देत आहे आणि क्लच निम्म्या फेऱ्यांनी मागे पडत आहे. तर निम्मी शक्ती, म्हणजे ५ अश्वशक्ती, प्लेटांतच उष्णता होऊन जिरते. ५ अश्वशक्ती म्हणजे सुमारे पावणेचार किलोवॅट. घरातील विजेच्या चार इस्त्र्या एकावर एक ठेवून चालू केल्या तर काय होईल ह्याची कल्पना करावी! ह्या उष्णतेने प्लेटांचा थर करपून काचेसारखा गुळगुळीत होतो, स्प्रिंगांचा जोम उतरतो, आणि त्यामुळे क्लच आणखी घसरतो. मग आणखी उष्णता. हे दुष्टचक्र एकदा फिरू लागले की नवा क्लच चार दिवसांत निकामी होतो. म्हणून लहानशी घसरण लक्षात आली की त्याच दिवशी तिचा माग काढणे शहाणपणाचे.

मिस्त्रींनी परीक्षा पुढे चालविली. इंजिन बंद ठेवून त्यांनी गाडी वरच्या गिअरमध्ये घातली, लिव्हरला हात न लावता गाडी पुढे ढकलावयास सांगितली. क्लच धड असेल तर चाकाबरोबर इंजिनही फिरावे लागते आणि सिलिंडरातील दाब गाडीस अडवितो. ह्या गाडीने थोडे अडविले आणि मग ती मऊपणे पुढे सरकली. नंतर त्यांनी किक मारली. बुलेटची किक गिअरपेटीतून, क्लचमधूनच इंजिनास फिरविते. म्हणून क्लच फार घसरू लागला म्हणजे किकसुद्धा लोण्यात पाय रुतावा तशी खाली बसते आणि इंजिन जागचे हालत नाही. किकचे दाते झिजले असतील तर अनुभव निराळा: पाय एकदम मोकळा सुटतो आणि करकर आवाज होतो. हा फरक पायालाच कळतो; शब्दांनी सांगणे कठीण.

ह्या दोन्ही कसोट्यांत क्लच पकडला गेला म्हणजे दुखणे बरेच वाढले आहे असे समजावे. आरंभीच्या अवस्थेत त्या काहीच दाखवीत नाहीत, कारण हाताने ढकलण्याचा जोर इंजिनाच्या जोरापुढे काहीच नाही. तेव्हा रस्त्यावरची कसोटी घ्यावी लागते. ती परवाना असलेल्या मोठ्या माणसाने, मोकळ्या सरळ रस्त्यावरच घ्यावयाची. शाळकरी मुलांनी नव्हे. गाडी वरच्या गिअरमध्ये बेताच्या वेगाने चालू असताना मूठ एकदम पुरी उघडावी. आवाज आणि वेग हातात हात घालून वाढले तर ठीक. आवाज पुढे पळाला आणि वेग मागून रेंगाळत आला तर क्लच घसरला. वरचाच गिअर का? खालच्या गिअरमध्ये गाडी चटकन पुढे उसळते आणि क्लचवरचा ताण क्षणभरच टिकतो; वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा पुरा पीळ क्लचला बराच वेळ सहन करावा लागतो. दुखरी जागा दाबून पाहणाऱ्या वैद्याने बोट जरा वेळ दाबून धरावे, तसेच हे.

क्लच घसरतो हे ठरले. आता का? मिस्त्रींनी प्रथम पाहिली ती केबल, आणि येथे आमच्या एका जुन्या समजुतीस धक्का बसला.

सायकलीच्या ब्रेकचे रबर झिजले की लिव्हर सैल पडते, हे प्रत्येक मुलास ठाऊक आहे. त्यावरून क्लचही झिजला की लिव्हर सैल पडत असेल असे आम्ही समजत होतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे! प्लेटा झिजून पातळ झाल्या की दाबाची प्लेट आत सरकते. ती आत सरकली की पोकळ दांड्यातील सळई दुसऱ्या टोकाकडे ढकलली जाते. आणि तिच्यामुळे केबलमधील ढिलाई कमी कमी होत जाते. लिव्हरपाशी असावी लागणारी दोन-तीन मिलिमीटरची मोकळी चाल अशी हळूहळू नाहीशी होते. ती पुरी संपली की मग सळई दाबाच्या प्लेटीस सारखी टेकून राहते. जणू कोणी अदृश्य बोटाने लिव्हर किंचित ओढून धरली आहे. स्प्रिंगांचा काही दाब त्या बोटाशी झगडण्यातच जातो आणि प्लेटांच्या वाट्यास उरलेला तेवढा येतो. म्हणजे झिजणारा क्लच लिव्हर सैल करून सूचना देत नाही. तो ती घट्ट करून देतो, आणि अजाण स्वारास वाटते की लिव्हर कशी छान ताठ आहे!

आमच्या विद्यार्थ्याची लिव्हर मात्र ताठ नव्हती. हँडल सरळ असताना तिला चांगली तीन मिलिमीटर चाल होती. त्याने ती मोठ्या अभिमानाने दाखविली. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी हँडल एका बाजूस पुरे वळविले. चाल निम्मी झाली. दुसऱ्या बाजूस पुरे वळविले. चाल साफ नाहीशी झाली, आणि केबलचे बाहेरचे आवरण आपल्या बैठकीतून किंचित उचलले गेलेले आम्हां सर्वांस दिसले.

चोर सापडला होता. उंच हँडल लावताना केबल जुनीच ठेवलेली. ती आखूड पडत होती. रस्त्यावर हँडल कोणी पुरे वळवीत नाही, म्हणून रस्त्यावर दोष दिसत नसे. ट्रायलमध्ये मात्र स्वार हँडल क्षणोक्षणी टोकापर्यंत वळवितो. आणि ज्या दगडी पायरीपाशी अपघात झाला तेथे जाण्याची वाट नेमकी तीव्र वळणाची होती. वळणावर केबल ताणली जाई, क्लच अर्धवट सुटे, आणि त्याच क्षणी मूठ पुरी पिळलेली असे. गॅरेजातील माणसाने गाडी अंगणात सरळ उभी करून पाहिली; त्याला तरी ते कसे दिसावे? तरीपण आवाज वर जातो की खाली, एवढे त्याने विचारले असते तर पिस्टन वाचला असता.

केबलच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. ती आत गंजली असेल तर लिव्हर सोडल्यावर पुरती परत येत नाही. ट्रायलच्या गाड्या ओढ्यांतून जातात, म्हणून हे दुखणे त्यांत नेहमीचे. आणि चाल जुळविताना केवळ केबलचा स्क्रू फिरवून भागवू नये. गिअरपेटीच्या बाजूस लिव्हरच्या आतील जुळणीचा स्क्रू व त्यावरील चेकनट असतो. केबल प्रथम सैल सोडून तो आतला स्क्रू नीट लावावा, मग केबलची चाल ठरवावी. केबलनेच सारे ओढून ताणून जुळविले तर आतील दांडीचा कोन बिघडतो आणि लिव्हर जड होते.

नवी लांब केबल बसविली. तिने मूळ कारण दूर झाले खरे. परंतु दोन महिने घसरलेल्या प्लेटांचे काय? गाडी पुन्हा ढकलून पाहिली तर अजून सरकत होती. आता आत जाणे भाग होते.

आत जाण्यापूर्वी मिस्त्रींनी तेलाची चौकशी केली. जुन्या बुलेटमध्ये क्लचचे तेल इंजिनाच्या तेलाहून वेगळे, चेनकेसमध्ये असते. तेथे कोणते तेल घातले, हा प्रश्न क्षुल्लक नाही. मोटारींच्या आधुनिक इंजिन तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती मोटारीच्या इंजिनास हितकारक, पण तेलात बुडालेल्या क्लचला घातक. ह्या घोटाळ्यामुळेच जपानी वाहन-उद्योगाने १९९८ मध्ये मोटारसायकलींच्या तेलांसाठी ‘जासो’ नावाचे मानक काढले, डब्यावर ‘एम्.ए.’ अशी खूण असेल तर ते तेल अशा क्लचसाठी योग्य. तेल प्रमाणाबाहेर भरलेले नसावे, हेही पाहावे. क्रँकच्या बाजूने इंजिनाचे तेल झिरपून चेनकेस आपोआप भरत जाणे हा जुन्या गाड्यांचा एक परिचित विकार आहे. भरलेल्यापेक्षा काढलेले तेल अधिक निघाले की तो ओळखावा. ह्या गाडीचे तेल प्रमाणात होते, परंतु काळे पडलेले आणि करपलेल्या वासाचे. मिस्त्रींनी ते बोटावर घेऊन हुंगले आणि आमच्याही नाकापुढे धरले. करपलेल्या क्लचचा वास एकदा घेतला की विसरत नाही.

चेनकेस उघडले. दाबाच्या प्लेटीवरील तीन स्क्रू काढताच तीन स्प्रिंगा हाती आल्या. त्या नव्या स्प्रिंगेशेजारी सपाट काचेवर उभ्या केल्या. तिन्ही थोड्या थोड्या आखूड झाल्या होत्या, आणि एक अधिकच. स्प्रिंगांची उंची सारखी नसेल तर दाबाची प्लेट तिरकी बसते व एका अंगास पकड राहत नाही. म्हणून स्प्रिंगा नेहमी सगळ्या एकदम बदलाव्यात. काही गाड्यांत स्प्रिंगांवरील नट कमीअधिक आवळता येतात. तेथे लिव्हर ओढून व किक फिरवून दाबाची प्लेट डगमगते की काय ते पाहून नट सारखे करतात. पुष्कळ स्वार ह्या ठिकाणी अधिक कडक स्प्रिंगा घालून मोकळे होतात. आम्हांस हा मार्ग पसंत नाही. ज्या खेळात एका बोटाने दिवसभर लिव्हर सांभाळावयाची, तेथे कडक स्प्रिंग म्हणजे दुपारपर्यंत बोट बधिर. शिवाय करपलेली प्लेट कडक स्प्रिंगेने बरी होत नाही, ती फक्त काही दिवस गप्प बसते.

मग प्लेटा. घर्षणाच्या प्लेटांची जाडी व्हर्नियरने मोजून नव्या प्लेटेशी ताडून पाहिली. येथे थोडा हिशेब आहे. समजा, पाच प्लेटा प्रत्येकी अर्धा मिलिमीटर झिजल्या. थप्पी अडीच मिलिमीटरने पातळ झाली. स्प्रिंगा जर दहा मिलिमीटर दाबून बसविलेल्या असतील तर आता त्या साडेसातच दाबल्या जातील, आणि दाब एक-चतुर्थांशाने उतरेल. म्हणजे स्प्रिंगा नव्या असूनही नुसत्या पातळ प्लेटांमुळे दाब कमी होऊ शकतो. ह्या गाडीच्या प्लेटा तशा फार झिजलेल्या नव्हत्या. त्या चकाकत होत्या. घर्षणाचा थर आरशासारखा गुळगुळीत झाला होता. हा चकाकीचा दोष वरवरचा असेल तर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर प्लेट हलकेच घासली असता निघतो. येथे तो खोलवर गेला होता, कडा तडकल्या होत्या. त्या प्लेटा बाजूस ठेवाव्या लागल्या. पोलादी प्लेटांपैकी दोन निळ्या पडल्या होत्या. लोहाराच्या भट्टीत तापविलेल्या पोलादावर जशी निळसर झाक येते तशी ही झाक, आणि तिचा अर्थही तोच. निळी प्लेट वाकली आहे काय हे पाहण्यास ती काचेवर ठेवून कडेखाली पातळ पत्ती सरकवितात; पत्ती आत गेली तर प्लेट बाद. दोहोंतील एक गेली.

शेवटी डब्याच्या खाचा. प्लेटांची कान ज्या खाचांत बसतात त्या खाचांच्या कडांवर, ट्रायलच्या सतत पकड-सोडीमुळे, लहान लहान पायऱ्या पडतात. प्लेट त्या पायरीत अडकली की कधी सुटत नाही, आणि कधी पुरती दाबून बसत नाही. पायऱ्या उथळ असतील तर कानशीने सपाट कराव्यात. खोल असतील तर डबाच बदलावा, कारण अधिक घासले तर प्लेटा खुळखुळू लागतात. ह्या डब्यास कानशीवर भागले. नव्या घर्षणाच्या प्लेटा रात्रभर तेलात बुडवून ठेवल्या होत्या. कोरड्या प्लेटा तशाच बसविल्या तर पहिल्याच घसरणीत त्या करपण्याची भीती असते.

आजच्या नव्या ट्रायल गाड्यांत केबल नसते. लिव्हर तेलाच्या दाबाने क्लच सोडते. त्यांच्या स्वारांनी आपण ह्या कटकटीतून सुटलो असे समजू नये. तेथेही लिव्हरपाशी किंचित मोकळी चाल लागते. ती नसेल तर लिव्हरजवळच्या पिस्टनमागील परतीचे बारीक छिद्र उघडत नाही. मग टप्प्यात गाडी तापली की नळीतील द्रव प्रसरण पावून स्वतःच क्लच ढकलू लागतो. गाडी सकाळी उत्तम, दुपारी घसरते, आणि सायंकाळी थंड झाली की पुन्हा उत्तम! हे कोडे पुष्कळांस प्लेटा बदलूनही सुटत नाही. उपाय लिव्हरच्या एका लहानशा स्क्रूत असतो.

सर्व जोडून झाल्यावर मिस्त्रींनी हँडल दोन्ही टोकांस वळवून चाल पुन्हा पाहिली, दोन्हीकडे सारखी. मग त्यांनी मुलास सांगितले, “पहिले चार दिवस दगडावर जायचं नाही. रस्त्यावर फिरव, प्लेटा एकमेकींना ओळखू देत. मग चाल पुन्हा बघ, बदललेली असेल.” आणि ती खरोखर बदलली होती, नव्या प्लेटा बसत्या झाल्याने जवळजवळ मिलिमीटरभर कमी. त्याने ती स्वतःच जुळविली.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही त्याच टेकाडावर होतो. घळीच्या तोंडाशी त्याच्या दोन मित्रांस दोर घेऊन उभे केले होते. त्याने हँडल पुरे वळवून पायरीस पुढचे चाक लावले, लिव्हर एका बोटाने अर्धी धरली, सोडली, आणि मूठ पिळली. इंजिनाचा आवाज वर गेला नाही. तो जड, खालच्या पट्टीतला, ठक ठक असा येत राहिला, आणि मागचे चाक दगडावर चढले.